दोरीचं दुसरं टोक

पुंजाजी मिस्त्री कुणाच्याही घरात शिरले की आधी वर बघायचे. माणसं नंतर. घरमालक ‘या, बसा’ म्हणत उभा, आणि हे उंबऱ्यातच मान मागे टाकून आढं, वासे, कवेलू म्हणजे कौलं, सगळं एकदा नजरेखालून घालणार, मग चपला काढणार. वर सिमेंटचा स्लॅब दिसला तर लगेच खाली बघायचे आणि पाणी मागायचे. एकदा त्यांना कामाचं बोलायला अमरावतीला आमच्या कार्यालयात बोलावलं होतं. साहेबांच्या खोलीत पांढऱ्या चौकटींचं खोटं छत होतं. पुंजाजींनी वर पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, याच्या वर काय हाय थे यायले बी मालूम नशीन." साहेब हसले. त्या दिवशी हसले.

मी त्या कार्यालयात नव्यानंच लागलेली कनिष्ठ अभियंता होते. मूळची अकोल्याची, जठारपेठेतली. पदविकेला पहिला वर्ग, वळणदार अक्षर आणि गोड जीभ, एवढी माझी पुंजी. ही तिन्ही पुढे पुंजाजींच्या विरोधात कामाला आली. खात्याचं नाव मी सांगणार नाही. त्या खात्याचं निवृत्तिवेतन मला लवकरच सुरू होणार आहे, आणि मी किती शूर आहे ते पुढे कळेलच.

अचलपूरच्या वाटेवर एक जुनं विश्रामगृह होतं. इंग्रजांच्या काळातलं, चौपाखी छपराचं. चौपाखी म्हणजे चारही बाजूंना उतार. दोन उतार जिथे भेटतात तिथे कोपऱ्यापासून आढ्यापर्यंत एक जाड तिरका वासा जातो, तो कोनवासा. बाकीचे वासे त्याच्या अंगावर येऊन टेकतात आणि कोपऱ्याकडे जाताना आखूड होत होत हातभर उरतात. या आखूड वाशांना पुंजाजी पिल्लं म्हणायचे. "कोनवासा चुकला का सबन पिल्लं अनाथ," असं म्हणून स्वतःच हसायचे. त्यांना त्यांच्या विनोदावर दुसऱ्यानं हसायची गरज लागत नसे.

छपराचं लाकूड किडलं होतं. जुन्या घाटाचंच नवं सागवानी छप्पर करायचं, असं वरून आलं होतं. अख्ख्या जिल्ह्यात चौपाखी छपराचे वासे आखून कापणारा माणूस शोधायला मला तीन आठवडे लागले. परतवाड्याच्या लाकूड आगारात एका हमालानं नाव सांगितलं, "पुंजाजी मिस्त्री हाय नं. पर थो कागद पाहात नाई."

ते खरं निघालं. मी पहिल्या दिवशी नकाशाची गुंडाळी घेऊन गेले. पुंजाजींनी ती हातात घेतली, उघडली नाही, आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. पन्नाशीकडे झुकलेला, काटक, काळासावळा माणूस. कानामागे पेन्सिल, खिशात गेरूचा खडा, कमरेला सुतळीचं रीळ. भिंतीवर थाप मारून म्हणाले, "भितीले इचारू पयले. बाई, दोरी धरता का?"

मी कडुलिंबाकडच्या कोपऱ्यात भिंतीच्या माथ्याशी शिडीवर चढून दोरीचं टोक धरलं. ते दुसरं टोक घेऊन समोरच्या तिरक्या कोपऱ्यात गेले, दोरी ताणली, चिमटीत धरून गाठ मारली. मग उरलेले दोन कोपरे. मी पुन्हा शिडीवर, पुन्हा टोक माझ्या हातात. चौकोन खरा असेल तर दोन्ही दोऱ्या सारख्या भरायला हव्यात. दुसऱ्या खेपेला गाठ कोपऱ्यापर्यंत पोचलीच नाही. वीतभर मागे राहिली. ते तिथूनच ओरडले, "पायलं का बाई?" मी पाहिलं होतं. गाठ आणि भिंत यांच्यामधली ती वीत मला आजही दिसते.

"एवढ्यानं काय होते, मिस्त्री?" मी खाली उतरून विचारलं.

"भितीले काई नाई होत. थे उभीच ऱ्हाते. वासा मातर बोंबलते." मग खाली बसून त्यांनी काडीनं मातीत चारही पाखी काढून दाखवली. पश्चिमेची भिंत कुठल्याशा जुन्या गवंड्यानं तिरपी घेतली होती. म्हणजे त्या बाजूचा एक कोनवासा लांब लागणार, दुसरा आखूड, आणि पिल्लांची प्रत्येक जोडी विजोड. चार कोन, तीन वेगळी मापं. मी आकडा लिहून घेतला नाही. तो लिहिण्याजोगा वाटला नाही.

कोपऱ्यांना ते क्रमांक देत नसत, नावं देत. लिंबाचा कोन, विहिरीचा कोन, रस्त्याचा कोन. चौथ्या कोपऱ्यात पाहणीला आलेल्या साहेबांची खुर्ची टाकत, म्हणून तो साहेबाचा कोन. सगळ्यात वाकडा नेमका तोच निघाला. यावर ते दिवसभर खूश होते.

त्यांची मापं फुटपट्टीवर नसत. आठ फुटांची एक सागाची पट्टी होती. प्रत्येक कामाला ती रंधून कोरी करायची आणि तिच्यावर नव्या खुणा पाडायच्या. इकडून लिंबाचा कोन, तिकडून विहिरीचा, पाठीवर उरलेले दोन. ही पट्टी घेऊन ते एसटीनं ये-जा करायचे. एकदा मीही त्याच गाडीत होते. कंडक्टर म्हणाला, "बाबा, याचं तिकीट लागन." पुंजाजींनी पट्टीला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "काढा अर्धं. बारा वर्साची नाई झाली अजून, पर उंची बापावर गेली." पूर्ण गाडी हसली. कंडक्टरनं तिकीट मागितलं नाही, उलट पट्टी ठेवायला पुढची जागा करून दिली.

पुंजाजी काम शिकले ते अचलपूरच्या रहमानचाचांकडे. वडील परतवाड्याच्या आगारात लाकडं वाहायचे. घरात बाबासाहेबांची तसबीर आणि त्याखाली वडलांची ओझ्याखाली डोक्यावर घ्यायची चुंबळ. गावातल्या सुतारानं पुंजाजींना कामाच्या ओट्यावर चढू दिलं नव्हतं. "लाकूड डोक्यावर घेतलं तं चालते, हातात घेतलं का बाटते," हे सांगताना त्यांचा आवाज चढत नसे, पण हातातली पटाशी थांबायची. चाचांनी दहा वर्षं राबवलं, आणि एका छपराचे चारही कोनवासे एकट्यानं बसवल्यावर लोकांसमोर ‘मिस्त्री’ म्हणून हाक मारली. "बाई, मले नुसतं पुंजाजी म्हना, अय बुढ्या म्हना. पर कामावर मिस्त्री म्हनाचं. थो सबद मले चाचानं देल्ला. बापजाद्यायकून नाई आला." मी कधी चुकले नाही. तोंडानं तरी नाही.

चाचांचा एक नियम त्यांनी देवधर्मासारखा पाळला. कोणत्याही छपराचा पहिला वासा कापायचा, तो भिंतीवर चढवून प्रत्यक्ष बसवून बघायचा, तासून नेमका करायचा, खाली उतरवून त्यावर गेरूचा पट्टा ओढायचा. हा म्होरला. बाकी सगळे वासे म्होरल्यावरून आखायचे, एकमेकांवरून कधीच नाही. "दुसऱ्यावरून तिसरा आखला का पेन्सिलची जाडी वाढते. दहाव्यापाशी बोटभर होते. मंग कोनाले धरता? चूक बी कापल्या जाते नं बाई लाकडासंगं." म्होरल्याला कुणी ओलांडून गेलं तर ते त्याला परत फिरवून वळसा घालून जायला लावत. साहेबांनाही लावलं होतं एकदा. आमच्यासमोर.

या माणसाचं आम्ही काय केलं ते आता सांगते.

उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार असं ठरलं आणि तारीख दोन महिने अलीकडे आली. साहेब म्हणाले, हातानं कापत बसलात तर दिवाळी उजाडेल. लाकूड बडनेऱ्याला आरा मशीनवर पाठवा, एका दिवसात सगळे वासे कापून आणा. मापं नकाशावरून काढा. मी म्हणाले, "सर, बंगला चौकोनी नाही. पश्चिमेची भिंत तिरपी आहे." साहेबांनी चष्मा काढला. "मंजूर नकाशा चौकोनी आहे. बंगला वाकडा असेल तर ती बंगल्याची चूक." हा विनोद होता आणि मी त्यावर हसले. नकाशा बदलायचा तर तो पुन्हा वर जाणार, तारीख चुकणार, आणि माझा परिवीक्षाधीन काळ संपायला चार महिने होते.

मी टेबलाशी बसून यादी केली. कोनवासे चार, सर्व समान. पिल्लं इतकी, जोडीजोडीनं समान. फार सुंदर यादी झाली. थोडंफार उणं-अधिक जागेवर बसवून घेऊ, असं मी मनाशी म्हटलं. खुर्चीत बसणारी सगळी माणसं हे म्हणतात. जागेवर उभं राहणारा माणूस कधी म्हणत नाही.

यादीखाली ‘मापे तपासली’ म्हणून मिस्त्रीची सही लागत होती. पुंजाजींनी आधी ठाम नकार दिला. म्होरला चढवल्याशिवाय बाकीचे कापायचे नाहीत, संपलं. मी गोड बोलले. जीप उभी आहे, साहेब चिडलेत, माझी नोकरी नवी आहे. त्यांनी कागद हातात घेतला, मिलिमीटरमधले आकडे बराच वेळ बघितले. नंतर एकच विचारलं.

"यात साहेबाचा कोन अलग धरला नं, बाई?"

"धरलाय," मी म्हणाले. "सही करा."

त्यांनी सही केली. अक्षर मोठं, जोडाक्षरं सुटी सुटी. वर आपली खुणांची पट्टी माझ्या हातात दिली. "मशीनवाल्याले म्हना, आकडा नसन समजत तं यावरून लाव." ती पट्टी मी जीपमध्ये ठेवली. बडनेऱ्याला कुणी मागितली नाही, मी काढली नाही. ती तशीच परत आली.

लाकूड आलं त्या दिवशी पुंजाजींनी पहिला कोनवासा लिंबाच्या कोनावर चढवला, तो बसला. विहिरीचाही बसला. दुपारी साहेबाच्या कोनावर चढवला तर आढ्यापासून चार बोटं आखूड. त्याच्या शेजारचा तेवढाच लांब. पिल्लांचं तर विचारू नका, अर्ध्यांच्या टोकाशी मूठ जाईल एवढी फट आणि अर्धी कोनवाशावर चढून बसलेली. ते वर, आढ्याशी, पाय फाकून बसले होते. किती तरी वेळ फटीत हात घालून बसून राहिले. खाली उतरले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पट्टी कुठी हाय माही?"

मी जीपमधून आणून दिली. तिच्यावर कुठेही मशीनच्या भुशाचा कण नव्हता. ते त्यांनी बोट फिरवून पाहिलं.

त्यानंतरही सगळं निभावलं असतं, निदान साहेबांच्या मते. ते म्हणाले, आखूड वाशाला तुकडा जोडा, पट्ट्या मारा, वरून कवेलू येणार, कोण बघतंय? पुंजाजी म्हणाले, "कोनवाशाले जोड देत नसतेत, साहेब. सबन छप्पर त्याच्याच जिवावर ऱ्हाते." साहेबांनी आवाज चढवला. पुंजाजींनी करवत पिशवीत घातली. पाहुणे आले तेव्हा बंगल्यावर लोखंडी पाइप आणि निळे पत्रे होते, आणि भाषणात त्याला आधुनिकतेचा स्पर्श म्हणण्यात आलं.

पण सरकारी सागवान वाया गेलं होतं. त्याला कुणीतरी जबाबदार हवं होतं, आणि करवत पिशवीत घालणारा माणूस त्याला सोयीचा होता.

चौकशी अमरावतीला, त्याच खोट्या छताखाली झाली. पुंजाजी धुतलेला सदरा घालून आले, हातात ती पट्टी. या खेपेला त्यांनी वर पाहिलं नाही. वरून आलेले अधिकारी मधोमध, बाजूला आमचे साहेब, कोपऱ्यात लिहून घ्यायला मी. यादी पुढे ठेवून विचारलं, ही सही तुमची? ते म्हणाले, "माहीच." मग मापं चुकली कशी? त्यांनी पट्टी टेबलावर आडवी ठेवली. फायली सरकवाव्या लागल्या. "चुकली नाई, साहेब. मापं हे हायेत. भित तिरपी हाय, मी पयल्याच दिवशी दोरी टाकली व्हती."

"पुरावा काय?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "ही लाकडाची पट्टी?"

तेव्हा पुंजाजी माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर विनवणी नव्हती, रागही नव्हता. वाशाला वासा टेकवताना असते तशी सरळ नजर. त्यांना वाटलं, आता सुटलो. खरंच वाटलं होतं तसं त्यांना, हे मला सहन होत नाही.

"या बाईले इचारा नं. दोरीचं दुसरं टोक यायच्याच हातात व्हतं. सांगा नं, बाई. वीतभर कमी भरली व्हती का नाई?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. साहेब तेवढे नखं बघत होते. मी म्हणाले, "मला नक्की आठवत नाही."

पुंजाजींनी पट्टी उचलली. दारातून बाहेर पडताना ती चौकटीला अडली, ती त्यांनी सावकाश तिरपी करून बाहेर काढली. त्या दिवशी एसटीच्या कंडक्टरशी ते काय बोलले असतील कोण जाणे.

अहवालाचा मसुदा साहेबांनी सांगितला आणि माझ्या वळणदार अक्षरात मी लिहिला. ‘संबंधित मिस्त्रीच्या मोजमापातील चुकीमुळे’ एवढं लिहून झाल्यावर साहेब म्हणाले, "मिस्त्री नको. प्रमाणपत्र आहे का त्याच्याकडे? मजूर लिहा." मी रेघ मारून ‘मजूर’ लिहिलं. स्वच्छ प्रतीत ती रेघसुद्धा उरली नाही. अचलपुरातल्या एका जुन्या शाळेचं छप्पर तेव्हा नव्यानं करायला निघायचं होतं, चाचांच्या हातचं. ते काम आपल्याला मिळावं म्हणून पुंजाजी वर्षानुवर्षं थांबले होते. त्यांचं नाव सुचवणाऱ्यांना आमच्या अहवालाची प्रत दाखवली गेली. शाळेवर स्लॅब पडला. लाकडाच्या कुठल्याही सरकारी कामावर त्यांना पुन्हा कुणी उभं केलं नाही.

मी कायम झाले, बढत्या घेतल्या, बदली मागून अकोल्याला घरी आले. लोक म्हणतात, बाई कामात फार काटेकोर आहेत. कुठल्याही बांधकामावर गेले की मी आधी दोन्ही तिरकी मापं घेते आणि लिहून ठेवते. याचा आता कुणाला काय उपयोग आहे?

मागच्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नासाठी अकोल्याबाहेरचं एक लॉन बघायला गेले होते. मॅनेजर पोरगा उत्साहानं सगळं दाखवत होता. हिरवळीच्या टोकाला नवरा-नवरीच्या फोटोसाठी एक शोभेची चौपाखी छत्री उभी करायची होती. चार खांब रोवलेले, आणि त्यांच्यामध्ये एक म्हातारा सुतळी हातात घेऊन उकिडवा बसलेला. पाठीला बाक आला होता. गवतावर एक पट्टी पडलेली, नुकती रंधलेली, कोरी.

"ए बाबा, झालं का नाही अजून?" मॅनेजर ओरडला. म्हाताऱ्यानं मान वर केली नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मिस्त्री..."

या शब्दाला मात्र त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडला होता. मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. "दोरी धरा कोनी," ते म्हणाले, नुसतेच, हवेत. आणि टोक पुढे केलं. मी मॅनेजरच्या हातात पर्स दिली, गुडघ्यावर बसले आणि खांबाशी ते टोक घट्ट धरलं. इतकं घट्ट की सुतळी तळव्यात रुतली. मनात म्हटलं, या खेपेला सांगेन. किती भरलं ते ओरडून सांगेन.

ते समोरच्या खांबापर्यंत गेले, दोरी ताणली, थांबले. मग तिथली दोरी सोडून सावकाश माझ्याकडे चालत आले. अगदी जवळ येऊन त्यांनी माझा चेहरा नाही, माझा हात पाहिला. खिशातून एक खिळा काढला, दगडानं खांबात ठोकला, माझ्या मुठीतून सुतळी सोडवून घेतली आणि त्याला गाठ मारली. ओढून पाहिली.

"ऱ्हाऊ द्या, बाई," म्हणाले. "खिया हाय."